पेठांतली सायकल कुणाला अडवते?

'सायकलींचं शहर ही पुण्याची ओळख केव्हाच संपली. आता पेठांतून सायकल चालवणं म्हणजे जिवाशी खेळ. वेळ जातो, छातीत धूर जातो, वाहतूक अडते. हे लोक रोड टॅक्सही भरत नाहीत. सायकल ट्रॅक ओस पडलेत, ते काढून गाड्यांना जागा द्या.' या आशयाचा मजकूर सध्या फार फिरतो आहे. मी रोज कोथरूडहून अप्पा बळवंत चौकापर्यंत सायकलने जाते. त्यामुळे यातला एकेक मुद्दा मला रस्त्यावर तपासता आला आहे.

आधी वेळेचं बघू. हे अंतर पाच-सहा किलोमीटरचं. ताशी पंधराच्या साध्या वेगाने, सिग्नल धरून, मला पंचवीस मिनिटं लागतात. गणपतीचे दिवस सोडले तर फार तर तीस. चारचाकीने कर्वे रस्त्यावर अडकलात की नळस्टॉपलाच त्यातली निम्मी वेळ संपते. पुढे लक्ष्मी रस्त्याजवळ गाडी लावायला जागा शोधायची, ती वेगळीच. दुचाकी माझ्या आधी पोचते हे मान्य, पण पाच-सात मिनिटांनीच.

सायकलमुळे वाहतूक अडते, हा आरोप करणाऱ्याने संध्याकाळी सहा वाजता कुमठेकर रस्त्यावर दहा मिनिटं उभं राहावं. एका बाजूला गाड्यांची दुहेरी रांग, त्यात ब्लिंकर लावून 'दोनच मिनिटं' थांबलेली मोटार, मागे हॉर्न वाजवणारी पीएमपीची बस. एका मोटारीच्या पार्किंगच्या जागेत आठ-दहा सायकली सहज मावतात. मग जागा कोण खातंय?

धुराचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. पॅडल मारताना श्वास जोरात चालतो, म्हणजे हवा जास्त आत जाते. पण बंद काचांच्या मोटारीत बसलेला माणूस सुटतो, हा गैरसमज आहे; पुढच्या गाडीचा धूर एसीतून आत येतोच. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये याचा हिशेब मांडला होता. हवेतल्या पीएम २.५ या अतिसूक्ष्म कणांचं प्रमाण घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम इतकं वाईट असलं, तरी रोज दीड तासापर्यंतच्या सायकलिंगमध्ये व्यायामाचा फायदा धुराच्या तोट्यापेक्षा जास्त निघाला. माझा जाऊन-येऊन प्रवास तासाभराच्या आतला आहे. शिवाय तो धूर सायकलीतून निघत नाही.

रोड टॅक्सचा गैरसमज फार खोल रुजला आहे. गाडी नोंदवताना भरला जाणारा मोटार वाहन कर राज्य सरकारकडे जातो. शहरातले बहुतेक रस्ते महापालिका करते, आणि तिच्या तिजोरीत मिळकतकर आणि जीएसटीपोटी येणारं अनुदान असतं. मिळकतकर मीही भरते. साबण घेतानाही मी जीएसटी भरते. जुन्या लोकांना आठवत असेल, एके काळी नगरपालिका सायकलीवरही कर घ्यायच्या आणि त्याचा पत्र्याचा बिल्ला सायकलीला लावावा लागायचा. बरं, रस्त्याची झीज कोण करतं? १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत झालेल्या रस्ताचाचणीतून एक ठोकताळा निघाला: चाकांच्या आसावरचा भार दुप्पट झाला की झीज साधारण सोळापट होते. त्या हिशेबाने बाराशे किलोची मोटार माणसासकट सायकलीच्या हजारो पटींनी रस्ता झिजवते.

'पाऊस-उन्हाचं काय?' पुण्यात वर्षाला सरासरी सातशे ते साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, आम्स्टरडॅममध्ये त्याहून जास्त. रेनकोट, मडगार्ड आणि डब्यात एक कोरडा शर्ट एवढ्यात निभावतं. एप्रिल-मेचं ऊन खरंच कठीण आहे. मी त्या दिवसांत सकाळी आठच्या आत निघते.

आता जिवाशी खेळ. हा मुद्दा खरा आहे आणि मला तो रोज जाणवतो. दोन वर्षांपूर्वी उभ्या मोटारीचं दार अचानक उघडलं आणि मी रस्त्यावर आडवी झाले. मनगट महिनाभर प्लास्टरमध्ये होतं. पण मला सायकलीने पाडलं नव्हतं. धोका दार न बघता उघडण्याचा आहे, डावीकडून कट मारण्याचा आहे, चाक अडकेल अशा ड्रेनेजच्या जाळीचा आहे. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यात चारशेहून जास्त मुलं होती. तिथल्या आईबापांनी सायकल बंद करा असं म्हटलं नाही. मुलांचे मृत्यू थांबवा म्हणत ते रस्त्यावर उतरले, आणि पुढे रस्ते बदलले.

शिवाय सायकल सोडून द्या, हे सांगायचं कुणाला? सकाळी सहाला पेठांत पेपर टाकणारा मुलगा, रात्रपाळी संपवून घरी निघालेला वॉचमन, धुण्याभांड्याची चार घरं सायकलवर उरकणाऱ्या मावशी. यांच्यातल्या कित्येकांना दुचाकीचा हप्ता आणि पेट्रोल परवडत नाही. हेल्मेट आणि चड्डीवाल्या हौशी मंडळींवर बोट ठेवून लिहिलेल्या मजकुरात ही माणसं कुठेच नाहीत, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

राहिले ओस पडलेले ट्रॅक. ट्रॅकवर चढावं तर थोड्याच अंतरावर विजेचा डीपी, पुढे लावलेल्या दुचाक्या, मग उखडलेले पेव्हर ब्लॉक, आणि चौक येण्याआधीच ट्रॅक गायब. असा तुकड्यातुकड्यांचा मोटाररस्ता असता तर त्यावरही कुणी गाडी घातली नसती. महापालिकेने २०१७ मध्ये अख्ख्या शहराचा सायकल आराखडा मंजूर केला आहे. त्यातला एक तरी मार्ग कोथरूडपासून मंडईपर्यंत सलग आणि मोकळा करून द्या, मग वर्षभराने त्यावरच्या सायकली मोजू.