फी वाढते ती प्लंबरच्या पगारामुळे नाही

मुलं अमेरिकेत शिकायला गेली आहेत अशा पालकांमध्ये सध्या एक मजकूर फिरतोय. मला तो आठवडाभरात तिघांकडून आला. त्याचं सार असं: तिथल्या विद्यापीठांतले इलेक्ट्रिशियन, प्लंबर, सुतार, बॉयलर चालवणारे युनियनच्या जोरावर दर करारात पगार वाढवून घेतात, म्हणून फी वाढते. काही प्लंबर तर प्राध्यापकापेक्षा जास्त कमावतात. ऐकलं नाही तर लगेच संप. युनियनची वर्गणी सक्तीची. आणि हेच काम बाहेरचा कंत्राटदार निम्म्या पैशात करेल.

पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नाही, फीचा आकडा पाहून कोणाच्याही पोटात गोळा येतो. पण राग चुकीच्या माणसांवर निघतोय. हिवाळ्यात मध्यरात्री वसतिगृहातली हीटिंग बंद पडली की हीच माणसं येतात.

आधी फी. साधा हिशोब करून बघा. समजा विद्यापीठात 300 कुशल कामगार आणि 30,000 विद्यार्थी आहेत. प्रत्येक कामगाराला वर्षाला 5,000 डॉलर, म्हणजे चांगलीच घसघशीत, वाढ मिळाली तर बोजा 15 लाख डॉलरचा. तो सगळा फीवर टाकला तरी विद्यार्थ्यामागे वर्षाला 50 डॉलर. विमा, पेन्शन धरून 70 म्हणा. आणि तो सगळा फीवर पडत नाहीच. वसतिगृहांची दुरुस्ती बहुतेक करून खोल्यांच्या भाड्यातून होते, रुग्णालयाची रुग्णालयाच्या उत्पन्नातून. केंद्र सरकारच्या संशोधन अनुदानातही इमारती चालवण्याचा आणि राखण्याचा वाटा धरलेला असतो. 1991 मध्ये त्यातल्या प्रशासकीय खर्चावर 26 टक्क्यांची मर्यादा घातली गेली, इमारतींच्या वाट्यावर तशी मर्यादा घातली नाही. प्रयोगशाळेतली हवा खेळती ठेवणाऱ्या मेकॅनिकच्या पगाराचा काही भाग असा थेट वॉशिंग्टनहून येतो.

युनियन हेच कारण असेल तर टेक्ससकडे बघा. तिथल्या सरकारी विद्यापीठांना कामगार संघटनेशी सामूहिक करार करायला कायद्यानेच मनाई आहे. तरीही 2003 मध्ये विधिमंडळाने विद्यापीठांना फी स्वतः ठरवायची मुभा दिली आणि त्यानंतर फी चढत गेली. करार नाही, युनियनशी वाटाघाटी नाहीत, फी मात्र वाढली. 2008 च्या मंदीनंतर अनेक राज्यांनी उच्च शिक्षणाचं अनुदान कापलं आणि तो भार विद्यार्थ्यांवर आला. फीबद्दल जाब विचारायचा तर तो तिथे विचारायला हवा.

सक्तीच्या वर्गणीचं म्हणणं सरकारी विद्यापीठांपुरतं सरळ चूक आहे. जून 2018 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जेनस खटल्यात निकाल दिला की सरकारी कर्मचाऱ्याकडून त्याच्या संमतीशिवाय युनियनला एक डॉलरही घेता येणार नाही. खासगी विद्यापीठांत राज्याच्या कायद्यानुसार अशी अट करारात असू शकते, तेवढं मान्य.

संपाचंही तसंच. मिशिगनमध्ये सरकारी कर्मचाऱ्यांना संपाची बंदी आहे. न्यूयॉर्कमध्ये 1967 च्या टेलर कायद्याप्रमाणे संपाच्या एकेका दिवसासाठी दोन-दोन दिवसांचा पगार कापला जातो. हप्ते भरणारा माणूस असा निर्णय उठसूट घेत नाही. वाटाघाटींत युनियनचं म्हणणं व्यवस्थापनाला मान्य करावंच लागतं, हाही गैरसमज आहे. खासगी विद्यापीठांना लागू असलेला केंद्रीय कायदा प्रामाणिकपणे चर्चा करायला बांधतो, पण कुठल्याही बाजूला सवलत द्यायला भाग पाडत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय.

आता ‘प्राध्यापकापेक्षा जास्त कमावणारा प्लंबर’. या मुद्द्यावर मी थोडी जास्त थांबणार आहे, कारण लोकांना पटतो तो हाच. अनेक सरकारी विद्यापीठांचे पगार जाहीर असतात. त्यातला आकडा बऱ्याचदा ओव्हरटाइमसकट एकूण कमाईचा असतो आणि मजकुरात यादीतलं सगळ्यात वरचं नाव उचललेलं असतं. उदाहरण म्हणून तासाला 40 डॉलर धरा. वर्षाचे 2,080 तास म्हणजे 83,200 डॉलर. त्याच माणसाने 700 तास जादा काम केलं तर 1938 पासूनच्या कायद्याप्रमाणे दीडपट दराने त्यात 42,000 डॉलरची भर पडते. एकूण 1,25,200. कागदावर मोठा आकडा दिसतो, पण 700 तास म्हणजे सतरा आठवड्यांहून जास्त काम. वर्षाच्या बावन्न आठवड्यांत त्याने जवळपास सत्तर आठवडे भरले.

एवढा ओव्हरटाइम येतो कुठून? रिकाम्या जागांतून. चार प्लंबरांचं काम तिघं करतात, चौथ्याची जागा भरायला कोणी येत नाही, कारण शहरातला बांधकाम कंत्राटदार तासाला जास्त देतो. इलेक्ट्रिशियन तयार व्हायला चार-पाच वर्षांची उमेदवारी लागते. सुमारे 8,000 तास प्रत्यक्ष काम आणि शिवाय दरवर्षी निदान 144 तासांचे वर्ग. असा माणूस जाहिरात दिली की दुसऱ्या दिवशी हजर होत नाही. म्हणून वाटाघाटींच्या टेबलावर मूळ दर बाजाराच्या जवळ आणा, शिकाऊ उमेदवार घ्या, जागा भरा, असा युनियनचा आग्रह असतो. ज्या ओव्हरटाइमकडे बोट दाखवून ही माणसं लोभी ठरवली जातात, तो कमी करायचा रस्ता याच मागण्यांतून जातो.

राहिला कंत्राटदार. नवी इमारत बांधायला तो लागतोच, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. प्रश्न रोजच्या देखभालीचा आहे. कंत्राटदाराच्या बिलात त्याच्या माणसाची मजुरी, विमा, गाड्या, कार्यालय आणि नफा हे सगळं असतं. शिवाय जुन्या विद्यापीठांत एका ठिकाणी वाफ तयार करून जमिनीखालच्या बोगद्यांतल्या नळांनी इमारतींना पुरवतात. कुठला व्हॉल्व्ह बंद केला की कुठली प्रयोगशाळा गार पडते, हे नकाशात पूर्ण सापडत नाही, वीस वर्षं तिथे वावरलेल्याला माहीत असतं.

टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने 2012 मध्ये इमारतींच्या देखभालीसकट बरीच कामं एका खासगी कंपनीला दिली, हे खरं आहे. पण टेनेसीत राज्य सरकारने तशीच योजना आणली, तेव्हा कर्मचारी तिच्याविरुद्ध उभे राहिले आणि 2017 मध्ये टेनेसी विद्यापीठाच्या नॉक्सव्हिल कॅम्पसने हिशोब तपासून बाहेर राहायचं ठरवलं. पुढे विद्यापीठाचे इतर कॅम्पसही बाहेर राहिले. निम्म्या पैशाची गोष्ट इतकी सरळ असती तर हे घडलं नसतं.

सरकारी विद्यापीठांचे हे करार बहुधा सगळ्यांना वाचायला उपलब्ध असतात. तुमचं मूल जिथे शिकतंय तिथला एक उघडा. पगाराच्या तक्त्याच्या पुढे जा. रात्री घरून बोलावलं तर कमीत कमी किती तासांचे पैसे, फोनजवळ बसून राहायचे किती, सुरक्षेचे बूट कोणी घ्यायचे, चालू विजेच्या पॅनेलवर एकट्याला पाठवायचं का, अशा बाबींवर त्यात पानंच्या पानं सापडतील. पुढचा मजकूर पाठवण्याआधी ती वाचा.