ओटीपी लंडनला गेला

सदाशिव पेठेत एका आजींकडे मी सहा वर्षं रक्त घ्यायला जाते. वय ८४, तिसरा मजला, लिफ्ट नाही. शीर इतकी नाजूक की नवखा माणूस दोनदा तरी टोचणारच. मागच्या पावसाळ्यात आमच्या लॅबने नवं अ‍ॅप आणलं. पेशंटच्या फोनवर ओटीपी येणार, तो टाकला की बारकोड निघणार, आणि बारकोड नसेल तर लॅब ट्यूब हातात धरणार नाही. मी साडेसहाला आजींकडे पोचले. आजी रात्रीपासून उपाशी. ओटीपी गेला मुलाच्या नंबरवर, आणि मुलगा लंडनला. तिथे रात्रीचे दोन.

"अगं, झोपू दे त्याला. मी थांबते," आजी म्हणाल्या. डायबेटिसचा पेशंट, किती थांबणार? आठ वाजता त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा मीच म्हटलं, आजी, पोहे खा, मी उद्या येते. लॅबला तीन फोन केले होते. "मॅडम, सिस्टीम घेत नाही," हे एकच उत्तर.

हे आठवायचं कारण, गेल्या महिन्यात एका हॉटेलात भरलेल्या परिषदेला जाऊन आले. विषय भलामोठा होता: वैद्यकाचं भविष्य, विज्ञानातलं नेतृत्व वगैरे. भाचीकडे जास्तीचा पास होता आणि असल्या ठिकाणी जेवण बरं असतं, म्हणून गेले. तिथे अशाच एका अ‍ॅपचं सादरीकरण झालं, टाळ्या पडल्या. मला विचारायचं होतं की पेशंटचा फोन पेशंटजवळ नसेल तर काय? माइक माझ्या रांगेपर्यंत आलाच नाही. म्हणून इथे लिहितेय.

सत्तावीस वर्षं घरोघरी जाऊन रक्त घेतल्यावर माझं एक मत झालंय. लस असो, मशीन असो, अ‍ॅप असो, कामाला बसताना ज्याच्या डोळ्यापुढे शेवटचं दार होतं त्याला मी पुढारी म्हणते. बाकीचे हुशार असतील, नाही म्हणत नाही.

आपल्या हडपसरच्या सीरममधलंच बघा. आफ्रिकेत सहाराच्या खालच्या पट्ट्यात मेंदूज्वराच्या साथी येतात, माणसं मरतात, वाचलेल्यांपैकी काही बहिरी होतात. लस हवी होती, पण तिथल्या देशांनी आधीच सांगून ठेवलं होतं की डोसमागे अर्ध्या डॉलरपेक्षा जास्त आम्हाला परवडणार नाही. म्हणजे किंमत आधी ठरली आणि लस नंतर बनली. २०१० मध्ये बुर्किना फासोत ती द्यायला सुरुवात झाली. दोन वर्षांनी तिला ४० अंशांपर्यंतच्या उन्हाळ्यात चार दिवस बर्फाशिवाय न्यायची परवानगी मिळाली. हे वाक्य आइसबॉक्स खांद्याला लावून जिने चढलेल्या माणसालाच कळेल. मी मे महिन्यात बर्फाच्या पिशव्या बदलत फिरते, मला कळतं.

हिंजवडीच्या जेनोव्हा कंपनीची कोविडची एमआरएनए लसही त्याच वाटेची. परदेशातल्या फायझरच्या लशीला सुरुवातीला उणे ७० अंशांचा फ्रीझर लागायचा. आपल्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असतो आयएलआर, म्हणजे लशी ठेवायचा फ्रीज, २ ते ८ अंशांचा. यांनी लस त्या आयएलआरमध्ये बसेल अशी बनवली. २०२२ च्या जूनमध्ये तिला परवानगी मिळाली तोवर बहुतेकांचे दोन्ही डोस होऊन गेले होते, ते वेगळं.

पण मला सगळ्यात जास्त कौतुक आहे ते पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या कामाचं. लाइनमध्ये नवीन होते तेव्हा मला एक कोडं पडायचं. काटकुळा माणूस, पोट जेमतेम, आणि साखर तीनशे. मला वाटायचं, माझीच ट्यूब बदलली. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांची नोंद ठेवायला घेतली. बाळ जन्मलं की दोन-तीन दिवसांच्या आत माणसं घरी हजर: वजन, लांबी, डोक्याचा घेर, आणि चिमट्यासारख्या कॅलिपरने कातडीखालची चरबी. अशी सातशेच्या वर बाळं. सरासरी वजन २.७ किलो. इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधल्या बाळांचं ३.५. आपल्या बाळांचे दंड बारीक, पोट बारीक, सगळंच बारीक, फक्त चरबी त्या मानाने शाबूत. म्हणजे बारीक दिसणारा माणूस आतून जाड, आणि ते जन्मापासूनच. पुढे त्यांनी स्वतःचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. चरबी मात्र युडकिनच्या अंगात ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२. स्वतःच्या चरबीचा आकडा जगापुढे ठेवायला धाडस लागतं, आमच्याकडे बायका काट्यावर उभं राहायला लाजतात.

त्याच गावांतून हेही कळलं की पालेभाजी, दूध, फळं खाणाऱ्या आयांची बाळं वजनदार, आणि पाण्याचे हंडे वाहून शेतात राबणाऱ्यांची हलकी. बऱ्याच जणींना बी-१२ जीवनसत्त्व कमी. मग काय केलं? ती बाळं वयात आल्यावर त्यांनाच बी-१२ देऊन बघितलं, त्यांच्या पोटी येणारी बाळं कशी निघतात म्हणून. तिसरी पिढी! एवढा काळ त्याच दारांवर टकटक करत राहायचं. त्या टकटक करणाऱ्या फील्डवर्कर बायकांची नावं पुरस्काराच्या ट्रॉफीवर येत नाहीत. त्यांनी एकदा वजन चुकवलं असतं तर मात्र पेपर खोटा ठरला असता.

केईएमच्याच डॉ. बानू कोयाजींनी सत्तरच्या दशकात शिरूर तालुक्यातल्या वढूला ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं, गावातल्याच पोरीबायकांना तयार केलं. २०११ मध्ये लहान बाळांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसच्या भारतीय लशीची मोठी चाचणी झाली ती दिल्ली, वेल्लोर आणि या वढूत, एकूण ६,७९९ बाळांवर. अनोळखी माणसाच्या हातात कोणती आई दीड महिन्याचं लेकरू देईल?

दार चुकलं की काय होतं तेही याच शहराने पाहिलंय. १० जानेवारी १८९७ ला हाफकिन या शास्त्रज्ञाने मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. लस होती, म्हणजे विज्ञान होतं. पुण्यात त्या वर्षी दारात आले ते रँडचे गोरे सोजीर, घरात घुसून माणसं बाहेर काढणारे. २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय झालं ते शाळेत शिकलोच आहोत. त्याच साथीत सावित्रीबाई हडपसरजवळच्या माळावर मुलाने, डॉ. यशवंतने, उघडलेल्या दवाखान्यात रोगी आणत होत्या. मुंढव्याच्या एका पोराला त्यांनी पाठीवर उचलून आणलं असं सांगतात. १० मार्चला त्या प्लेगनेच गेल्या.

कुणी म्हणेल, बाईंना नवं काही नकोच. तसं नाही हो. एक्स-रे बघून टीबीचा संशय सांगणारा एआय मला मनापासून आवडतो, कारण जिथे रेडिऑलॉजिस्ट नाही तिथे तो उपयोगी पडतो. २०२० मध्ये मायलॅब कंपनीचं कोविडचं टेस्ट किट तयार करणाऱ्या मीनल डाखवे-भोसले यांनी किट तपासणीला दिलं आणि दुसऱ्या दिवशी त्या बाळंत झाल्या, ती बातमी मी भिंतीला चिकटवली होती. माझं भांडण आहे ते ज्याने कधी तीन जिने चढले नाहीत आणि तरी जिन्यावरच्या माणसासाठी अ‍ॅप बनवलं, त्याच्याशी.

आजींचं पुढे काय झालं ते सांगते. लॅबने काही बदललं नाही. आजींनीच तोडगा काढला. अ‍ॅपमध्ये आता त्यांच्या नावापुढे इमारतीखालच्या वाण्याचा नंबर आहे. सकाळी सहाला तो दुकान उघडतो, ओटीपी आला की जिन्याखालून ओरडून आकडे सांगतो. अडचण एवढीच की रिपोर्टही त्यालाच येतो, तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या एचबीएवनसीचासुद्धा. परवा आजींनी चिठ्ठीत श्रीखंडाचा डबा लिहिला होता, तर त्याने बाकी सगळं पाठवलं आणि वर निरोप दिला: "एचबीएवनसी नऊच्या वर आहे, आजी. श्रीखंड संपलंय."