पहिले बाळंतपण, पण माहेरी नाही

येत्या महिन्यात आमच्याकडे बाळ येणार आहे, आणि पहिलेच बाळंतपण असूनही माझी पत्नी माहेरी, सांगलीला, न जाता पुण्यातच राहणार आहे. हा निर्णय कळल्यापासून दोन्हीकडच्या नातेवाइकांनी तिला "आईकडे का नाही जात गं?" असे विचारून भंडावून सोडले, मला मात्र कोणीच काही विचारले नाही. या विषयात नवऱ्याचेही काही मत असेल, हे कोणाच्या ध्यानीमनी नसावे. म्हणून ते इथे सविस्तर लिहितो.

माहेरी जाण्याची रीत मला मुळीच टाकाऊ वाटत नाही. सासरच्या रामरगाड्यातून बाईला हक्काची विश्रांती मिळावी, आईच्या हातचे खाता यावे, रात्री मूल रडले तर कोणी कुरकुर करू नये, ही त्यामागची सोय शहाणपणाची होती आणि अनेक घरांत आजही आहे. पण त्या सोयीत बापाच्या वाट्याला आले काय, तर बारशाला पाहुण्यासारखे जाऊन येणे आणि पुढे मान धरू लागलेले मूल वाजतगाजत घरी आणणे. मधली जागरणे, पोटदुखी, दूध उलटणे, लंगोट हे सारे तोवर इतरांनी निभावलेले असते. बाळाचे कळायला लागण्याचे जे दिवस, नेमक्या त्याच दिवसांत तो तिथे नसतो, आणि मग "पुरुषांना काय जमणार" हे वाक्य आपसूक खरे ठरते.

दवाखान्यातही फारसे वेगळे नाही. मला तिथे नाव नाही, "पेशंटचे मिस्टर कोण? काउंटरला या" ही हाक आली की पैसे भरायचे आहेत, असे समजायचे. बाळाचे अवयव नीट घडत आहेत ना, हे पाहणारी १८ ते २० आठवड्यांच्या सुमाराची सोनोग्राफी झाली, तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसून, येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही, हा फलक वाचत होतो. १९९४ चा तो कायदा हवाच, त्याबद्दल दुमत नाही. परंतु गर्भलिंग सांगण्याला बंदी आहे, बापाने आत उभे राहण्याला नाही.

खरेदीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तुळशीबागेत झबली, टोपडी, कुंची असे सगळे एका फेरीत मिळते आणि दुपटी मात्र जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती साड्यांचीच हवीत, या सासूबाईंच्या आग्रहापुढे कोणत्याही महागड्या दुकानाचा निभाव लागत नाही. (डोहाळजेवणात फोटोसाठी माझ्याही हाती धनुष्यबाण देण्यात आला होता. आमच्या नातेवाइकांच्या मते बापाची तयारी तिथेच पूर्ण झाली.)

प्रत्यक्ष शिकायला मिळाले ते प्रसूतीपूर्व वर्गात. तिथल्या परिचारिकेने रबरी बाहुली हाती दिली आणि मलमलचा चौकोन तिरपा दुमडून लंगोट बांधायला लावला. मी बांधलेला लंगोट तिने तत्काळ सोडला, कारण त्याची कड बेंबीवर येत होती. नाळेचा तुकडा वाळून गळून पडेपर्यंत, म्हणजे साधारण एक-दोन आठवडे, ती जागा कोरडी आणि मोकळी राहिली पाहिजे. तिच्यावर हळद नको, तेल नको, काहीच नको.

हे "नको" घरात सांगणे हेच माझ्या मते बापाचे खरे काम आहे, कारण ओली बाळंतीण दोन्ही आज्यांशी वाद घालू शकत नाही आणि तिच्यावर ती वेळ येऊही नये. म्हणून मी आतापासूनच बोलून ठेवले आहे. जन्मल्याबरोबर मध किंवा गूळपाणी चाटवायचे नाही. पहिला चीक बाळाला पाजायचा, टाकायचा नाही. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज गुटी नाही आणि पाणीसुद्धा नाही. "तुला गुटी देऊनच वाढवला" हे आईचे उत्तर आले. त्यावर, डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला तूही चल, एवढेच मी म्हणालो. ती आली आणि तिने स्वतःच सगळे विचारून घेतले. मालीश राहील, पण नाकाकानांत तेल घालायचे नाही. खोलीत धुरी होणार नाही. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू मात्र आनंदाने होतील, आणि त्यांतले थोडे माझ्याही वाट्याला यावेत, अशी माझी अपेक्षा आहे.

आणखी एका गोष्टीवर मला लक्ष ठेवायचे आहे. बाळंतपणानंतरचे पहिले काही दिवस रडू येणे, चिडचिड होणे हे अनेकींच्या बाबतीत घडते आणि ते ओसरते. पण उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर ती मनावर घेऊ नको म्हणून सोडून द्यायची नसते, डॉक्टरांना दाखवायची असते. हे ओळखायला रोज तिच्यासोबत असणारा माणूस लागतो, आणि इथे मुद्दा रजेवर येतो.

२०१७ च्या दुरुस्तीने आईची पगारी प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, हे उत्तमच झाले. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी कंपनीतल्या बापाला मात्र कायद्याने एकही दिवस दिलेला नाही. जे मिळते ते कंपनीच्या मर्जीने. आमच्या कंपनीची मर्जी आठवडाभराची आहे, म्हणून उरलेली रजा मी वर्षभर साठवली आहे. ती एकदम न घेता, सासूबाई सव्वा महिन्याने सांगलीला परततील तेव्हा तिचा मोठा भाग घेणार आहे, कारण आम्हा दोघांवर खरी वेळ तेव्हा येणार आहे. साहेबांनी अर्जात नक्की तारीख मागितली आहे. ती डॉक्टरही सांगू शकत नसल्याने मी "अंदाजे" असे लिहून अर्ज पुन्हा पाठवला आहे, आणि मंजुरी अजून आलेली नाही.