‘दुकान’ या शब्दाविषयी आणि राज्यशास्त्र मेजरविषयी

नमस्कार.

बीएला राज्यशास्त्र मेजर म्हणून, म्हणजे मुख्य विषय म्हणून, का घ्यावे, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया परवा रात्री आली. ती मी दोनदा वाचली आणि मुद्दाम एक दिवस मध्ये जाऊ देऊन उत्तर लिहायला बसले आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुम्ही अभियंता आहात. तुमची मुलगी यंदा बारावी झाली असून ती राज्यशास्त्र मेजर घ्यायचे म्हणते आहे आणि याला माझा लेख कारणीभूत आहे, असे तुमचे म्हणणे आहे. या विषयाला नोकरी नाही, ही मुले शेवटी स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत उमेदीची वर्षे घालवतात, आवड असेल तर मायनर (दुय्यम विषय) पुरे, मराठीत धड संदर्भग्रंथ नाहीत आणि एका घटनादुरुस्तीचा क्रमांक मी चुकवला, असे तुमचे आक्षेप आहेत. मग तुम्ही विचारता, ‘रोज वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला जे कळते ते शिकायला तीन वर्षे कशाला?’ आणि शेवट करता, ‘तुमचे दुकान चालावे म्हणून पोरांना भुलवू नका.’

चूक आधी मान्य करते. एक-तृतीयांश आमदारांच्या फुटीला पूर्वी जे संरक्षण मिळत होते ते काढून टाकणारी घटनादुरुस्ती ९१वी आहे. मी ९२वी लिहिले होते. ९२व्या दुरुस्तीने आठव्या अनुसूचीत बोडो, डोगरी, मैथिली आणि संथाली या भाषा आल्या. दोन्ही कायदे २००३ सालचे असल्यामुळे लिहिताना गल्लत झाली. लेखात दुरुस्ती केली आहे आणि ती एका वाचकाने दाखवली अशी नोंदही खाली ठेवली आहे. त्याबद्दल तुमचे मनापासून आभार.

आता ‘दुकान’. हा शब्द तुम्ही सहज लिहिला असेल, पण ज्या क्षेत्रात मी आयुष्य घातले तिथे त्याचा अर्थ फार नेमका आहे, म्हणून तो मला सोडून देता येत नाही. विषयाला विद्यार्थी मिळाले नाहीत की तासिका कमी होतात, वर्कलोड भरत नाही आणि शिक्षकाची जागा धोक्यात येते. त्यामुळे प्रवेशाच्या दिवसांत काही ठिकाणी प्राध्यापक मुलांच्या मागे लागतात, हे मी नाकारत नाही. परंतु मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. राज्यशास्त्राच्या वर्गात या जूनमध्ये पाच मुले बसली काय किंवा पंच्याऐंशी बसली काय, माझ्या निवृत्तिवेतनात एका रुपयाचा फरक पडणार नाही. नोकरीत कायम होण्याआधी सात वर्षे मी तासिका तत्त्वावर शिकवले. सकाळी एका कॉलेजात दोन तास आणि दुपारी एसटीने बत्तीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या कॉलेजात दोन तास, असा माझा दिवस असे. मानधनाचा धनादेश वर्षातून एकदा यायचा, तोही कधी कधी दिवाळी उलटल्यावर. त्या सात वर्षांत मला दुकानच चालवायचे असते तर गणिताच्या शिकवण्या घेतल्या असत्या. बारावीला मला गणितात चांगले गुण होते आणि आमच्या गल्लीत मागणीही होती. हे मी सांगायला नको होते, पण तुमच्या शब्दाने सांगायला लावले. शिवाय, ‘भुलवू नका’ हे तुम्ही ज्या मुलीविषयी लिहिता ती बारावी झालेली आहे. अठराव्या वर्षी ज्या मुलीला आपण मतदानाचा हक्क देतो तिला स्वतःचा विषय निवडण्याइतके कळत नाही, असे गृहीत धरून लिहिलेल्या वाक्याला मी काळजीचे वाक्य म्हणू शकत नाही.

तुमच्या सगळ्या प्रतिक्रियेत मला खरोखर उत्तर द्यावेसे वाटते ते वर्तमानपत्राच्या वाक्याला. वर्तमानपत्र मीही रोज वाचते, तीन वाचते आणि आवडीने वाचते. परंतु जून २०२२मधले शिवसेनेतले बंड आठवा. शिवसेनेचे विधानसभेत तेव्हा ५५ आमदार होते आणि त्यांचे दोन-तृतीयांश म्हणजे ३७. हा ३७चा आकडा त्या आठवड्यात महाराष्ट्रातल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर, प्रत्येक एसटीत आणि प्रत्येक वाहिनीवर उच्चारला जात होता. सदतीस जमले की पक्षांतरबंदीतून सुटका, असे सगळे धरून चालले होते. आमच्या द्वितीय वर्षाच्या वर्गात त्याच आठवड्यात हा विषय निघाला तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी हजेरीपुरता तोंड उघडायचा, त्याने विचारले, ‘मॅडम, सदतीस झाले हे कळले, पण ते विलीन कोणत्या पक्षात होणार?’ मी काही न बोलता त्याला राज्यघटनेची प्रत दिली आणि दहाव्या अनुसूचीचा, म्हणजे पक्षांतरबंदीच्या भागाचा, चौथा परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगितला. दोन-तृतीयांशाची ही तरतूद विलीनीकरणासाठी, म्हणजे मूळ पक्ष दुसऱ्या पक्षात मिसळण्यासाठी, आहे. फुटीसाठीचा तिसरा परिच्छेद ९१व्या दुरुस्तीनेच वगळला गेला. नुसती डोकी मोजून चालत नाही, हे तिथे छापलेले आहे आणि ते त्या मुलाने स्वतः वाचले.

पुढे जे घडले ते त्याच प्रश्नाच्या वाटेने घडले. विलीनीकरणाचा दावा कोणी केला नाही. आम्हीच खरा पक्ष, असा दावा झाला. त्यामुळे वाद १९६८च्या निवडणूक चिन्ह आदेशाखाली निवडणूक आयोगापुढे गेला आणि १७ फेब्रुवारी २०२३ रोजी आयोगाने पक्षाचे नाव व चिन्ह एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिले. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले की, प्रतोद (आमदारांना पक्षाचा आदेश बजावणारा) नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा, म्हणजे निवडून आलेल्या आमदारांच्या गटाचा, नाही, आणि ‘फूट’ हा आता बचाव होऊ शकत नाही. आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय मात्र न्यायालयाने विधानसभेच्या अध्यक्षांकडे सोपवला आणि १० जानेवारी २०२४ रोजी अध्यक्षांनी दोन्हीकडच्या कोणालाच अपात्र ठरवले नाही. यातले कोण बरोबर, हे मी वर्गात कधी सांगितले नाही आणि इथेही सांगणार नाही. राजकीय पक्ष आणि विधिमंडळ पक्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढा एक भेद ज्याच्या डोक्यात पक्का बसला आहे त्याला ही दीड वर्षाची बातमी सलग कळली. ज्याच्या डोक्यात तो नव्हता त्याला ती रोज सकाळी नव्याने सुरू होणारी भांडणे वाटली. बातमी आणि तिच्याखालची रचना यांतले हे अंतर भरून काढायला वेळ लागतो, अभियंतासाहेब, जसा तुमच्या क्षेत्रात पूल पाहणे आणि पुलाचे गणित मांडणे यांत लागतो.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. डिसेंबर २०२०मध्ये एका पदवीधर मतदारसंघाच्या मतमोजणीला माझी नेमणूक होती. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ पदवीधरांच्या असतात आणि मतदार म्हणून नाव लावायला पदवी आणि तीही किमान तीन वर्षे जुनी लागते. म्हणजे त्या टेबलावर आलेली एकूण एक मतपत्रिका सुशिक्षित, बहुधा वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाने भरलेली होती. हे मत पसंतीक्रमाचे असते. उमेदवारासमोर १, २, ३ असे आकडे घालायचे, तेही केंद्रात दिलेल्या जांभळ्या स्केचपेननेच. बाद मतपत्रिकांचा गठ्ठा आमच्यासमोर आला तेव्हा त्यात काय नव्हते? बरोबरची खूण होती, अक्षरात लिहिलेले ‘एक’ होते, दोन उमेदवारांपुढे दोनदा १ होता आणि एका मतपत्रिकेवर तर सुरेख, वळणदार अशी पूर्ण सही होती. ती सही मी बराच वेळ पाहत राहिले. कोणीतरी रांगेत उभे राहून, पूर्ण जबाबदारीने, आपले मत स्वतःच्या हाताने बाद केले होते. केंद्राच्या दाराशी सूचनांचा फलक असतो, हे मला माहीत आहे. पण एकाच जागेसाठी दुसरी पसंती मागतात ती का, पहिल्या पसंतीच्या मतांत कोटा (विजयासाठी लागणारी मते) पुरा झाला नाही तर तिचे काय होते, हे ज्याला समजले आहे तो त्या चौकटीत बरोबरची खूण करीत नाही. ही गोष्ट आमच्या अभ्यासक्रमात आहे आणि ती फळ्यावर आकडेमोड करून शिकवावी लागते.

माझी एक विद्यार्थिनी आज तिच्या गावाची सरपंच आहे. निवडून आल्यानंतर पहिल्याच ग्रामसभेच्या दुसऱ्या दिवशी प्रोसिडिंग बुक (सभेच्या इतिवृत्ताची वही) सहीसाठी तिच्या घरी आले. सभेला तीस-पस्तीस माणसे होती आणि वहीत सभा पूर्ण झाल्याचे लिहिले होते. तिने सही केली नाही. मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे नसतील तर सभा तहकूब करावी लागते आणि तहकूब झालेली सभा पुन्हा घेताना ती अट राहत नाही, हे तिला तृतीय वर्षाच्या पंचायत राजच्या पेपरातून माहीत होते. ‘सभा तहकूब लिहा, पुन्हा बोलवू,’ एवढेच ती म्हणाली. रात्री तिने मला फोन करून विचारले, ‘मॅडम, मी बरोबर केले ना?’ वर्तमानपत्रात ही बातमी येत नाही.

मुळात राजकारण शिकायचे असते, ही कल्पना आपल्याकडे कोण्या प्राध्यापकाने पोट भरण्यासाठी काढलेली नाही. नामदार गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला तेव्हा सदस्याने आधी अभ्यास आणि देशभर प्रवास करून मगच सार्वजनिक कामात पडावे, अशी त्यांची अट होती. १९३० साली त्यांच्या नावाने उभी राहिलेली गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था आज अर्थशास्त्रासाठी ओळखली जाते, पण तिच्या नावात राज्यशास्त्र आधी येते. आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, १९५६मध्ये, प्रकृती साथ देत नसताना मुंबईत राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षणाची शाळा काढली. या माणसांना वर्तमानपत्र म्हणजे काय हे ठाऊक होते. दोघांनीही नियतकालिके चालवली होती.

मायनर पुरे, हा तुमचा मुद्दा पूर्ण चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत मायनरला आपल्या राज्यात १८ ते २० क्रेडिटे आहेत. एका क्रेडिटला पंधरा तास धरले तर तीनशे तासांच्या आत सगळे आटोपते. तेवढ्यात राज्यघटनेची ओळख होते, आणि बीकॉमच्या किंवा संगणकाच्या विद्यार्थ्याने तेवढे जरूर घ्यावे. मेजरला एकूण क्रेडिटांपैकी किमान निम्मी असतात आणि जे खरे कौशल्य आहे ते तिथे हाती लागते. आमची तृतीय वर्षाची मुले मतदारयादीतून ठरावीक अंतरावरचे एकेक नाव काढून, नेमक्या त्याच माणसाच्या घरी जाऊन प्रश्नावली भरत असत. निवडणुकांचा अभ्यास करणाऱ्या लोकनीती या संस्थेच्या सर्वेक्षणांतही नावे अशीच निवडतात. पहिल्या दिवशी मुले हटकून विचारत, ‘तो घरी नाही, शेजारच्याला विचारले तर चालेल का?’ चालत नाही, आणि का चालत नाही हे तिसऱ्या फेरीला उन्हातून परत जाताना कळते. जे मूल हे एकदा करते ते पुढे आयुष्यभर कोणत्याही मतदानोत्तर चाचणीकडे पाहताना पहिला प्रश्न विचारते की, तुम्ही माणसे निवडली कशी? मायनरच्या वेळापत्रकात ही तिसरी फेरी बसत नाही.

नोकरीविषयी तुम्ही बरेच लिहिले आहे. तो प्रश्न एकट्या राज्यशास्त्राचा नाही. अभ्यासिकांत वर्षानुवर्षे बसलेली मुले मी जवळून पाहिली आहेत आणि त्यांत अभियांत्रिकीची पदवी घेऊन आलेली मुले थोडी नव्हती, हे नोंदवून मी तो विषय इथे थांबवते. त्यावर कधीतरी स्वतंत्रपणे लिहीन. संदर्भग्रंथांविषयी तुमचे विधान घाईचे आहे. य. दि. फडके, भा. ल. भोळे, सुहास पळशीकर यांनी मराठीतून किती लिहिले आहे ते एखाद्या बऱ्या ग्रंथालयात जाऊन पाहावे.

१९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा झाला तेव्हा मी स्वतः बीएला होते. घरी वडिलांची इच्छा मी डीएड करून शाळेत लागावे अशी होती आणि वर्षभर आमच्यात या विषयावर नीट बोलणे नव्हते. आमच्या सरांनी ५२व्या घटनादुरुस्तीच्या बातमीचे कात्रण सूचनाफलकावर लावले होते आणि खाली पेनाने लिहिले होते, ‘परिच्छेद ३ वाचा. किती दिवस टिकेल?’ अठरा वर्षांनी तो परिच्छेद गेला, तेव्हा मी माझ्या वर्गात ती गोष्ट सांगितली. तुमच्या मुलीला असे सर भेटतील की नाही, याची हमी मी देऊ शकत नाही, आणि मी आता वर्गात नाही. तिने राज्यशास्त्र मेजर घेतलेच तर मायनरला अर्थशास्त्र घ्यावे आणि कुठे जमले तर थोडे संख्याशास्त्र शिकावे, असे माझे मत आहे. तिला आणखी काही विचारायचे असेल तर तिने स्वतः इथे लिहावे. उत्तर मी तिला देईन.