कुणाला सांगू नका, घर विकायचंय

न्यू जर्सीत घर विकायला काढलं की गोरे शेजारी विचारतात, "आता कुठे राहायला जाणार?" आपले लोक विचारतात, "कितीला काढलंय?" आणि आकडा ऐकून फक्त "हं" म्हणतात. आकडा जास्त वाटला तरी हं, कमी वाटला तरी हं. या एका हुंकारापायी भले भले लोक अर्ध्या रात्री उठून झिलो या घरांच्या जाहिरातींच्या वेबसाइटवर स्वतःच्याच घराचे फोटो बघत बसलेले मला माहीत आहेत.

त्यामुळे आमच्या एजंटबाईंनी "प्रायव्हेट एक्स्क्लुझिव्ह" असा शब्द काढला तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसलो. बेत असा, की घर विकायला आहे, पण ते कुठेही दिसणार नाही. अंगणात पाटी नाही, झिलोवर फोटो नाहीत, रविवारी कुणीही येऊन घर बघावं असं ओपन हाऊस नाही. फक्त त्यांच्या कंपनीतल्या एजंटांना माहीत असणार आणि ते आपापल्या गिऱ्हाइकांच्या कानात सांगणार.

"मग घेणाऱ्याला कळणार कसं?" हिने विचारलं.

एजंटबाई मंद हसल्या. "ज्यांना कळायला हवं, त्यांना कळतं."

हा सूर आम्हाला हापूसमुळे ओळखीचा होता. २००७ पासून भारतातला आंबा अमेरिकेत रीतसर येऊ शकतो, पण चांगली पेटी दुकानात दिसेल तर शपथ. ती विमानतळावरून थेट कुणाच्या तरी गराजमध्ये उतरते, व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपवर रात्री दहाला खबर येते आणि सव्वादहाला पेट्या संपलेल्या असतात. तुम्ही ग्रुपवर नसाल, तर यंदा हापूस आला होता हे तुम्हाला दुसऱ्यांच्या घरी आमरस खाताना कळतं. आम्ही ग्रुपवर आहोत. तेव्हा ही पद्धत मला अतिशय न्याय्य वाटत आली आहे.

विरुद्ध बाजूला आहे एमएलएस, म्हणजे मल्टिपल लिस्टिंग सर्व्हिस. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतले दलाल एकत्र जमून आपापल्याकडच्या घरांची माहिती एकमेकांना द्यायचे. माझ्याकडचं घर तू विकून दे, तुझ्याकडचं मी विकतो, दलाली वाटून घेऊ. दलालांनी दलालांवर एवढा विश्वास टाकावा! आमच्या पुण्यात एकाच फ्लॅटची किल्ली चार एजंटांकडे असते आणि चौघेही तो "फक्त आपल्याकडेच आहे साहेब" म्हणून दाखवतात. इथे मात्र त्या बैठकांचं पुढे मोठं यंत्र झालं. आज देशभरात पाचशेच्या आसपास एमएलएस आहेत आणि एवढ्याशा न्यू जर्सीतही एकीवर भागत नाही. तिथे घर एकदा चढलं की झिलो, रेडफिन, सगळीकडे आपोआप उमटतं आणि दाराबाहेर जग गोळा होतं.

तरी चोरून विकणारे होतेच. म्हणून नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स या दलालांच्या संघटनेने २०२० पासून नियम लागू केला, की घराची बाहेर जाहिरात केलीत तर कामकाजाच्या एका दिवसात ते एमएलएसवर टाका. अंगणात पाटी लावली, फेसबुकवर टाकलं, की घड्याळ सुरू. कंपनीच्या आतल्या आत कुजबुजलात तर मात्र चालेल. अशी फट ठेवल्यावर तिच्यातून लोक जाणारच. कम्पास या बलाढ्य कंपनीने तर त्याचे टप्पेच पाडले. आधी घर गुपचूप आतल्या आत, मग "लवकरच येत आहे", आणि सगळ्यात शेवटी एमएलएसवर. एप्रिल २०२५ मध्ये झिलो गरजलं, की निवडक लोकांपुढे मिरवून एमएलएसवर वेळेत न आणलेलं घर पुढे आमच्याकडे आणाल तर आम्ही ते दाखवणार नाही. जूनमध्ये कम्पासने झिलोला न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात खेचलं.

आता गंमत बघा. घर बाहेर दिसलंच नाही, तर घेणारा कंपनीच्याच दुसऱ्या एजंटाकडून येतो आणि दोन्हीकडची दलाली घरातच राहते. झिलोचा धंदा घरं बघायला येणाऱ्यांची नावं एजंटांना पुरवण्याचा, तेव्हा घरंच नसतील तर बघायला कोण येणार? पण कोर्टात काय आणि कोर्टाबाहेर काय, दोघांचंही म्हणणं एकच, की आम्ही बिचाऱ्या घरमालकाच्या बाजूने आहोत. घरमालक म्हणजे मी. माझ्या बाजूला एवढी गर्दी मी माझ्या लग्नातही पाहिली नव्हती.

माझं मन मात्र एजंटबाईंनी "डेज ऑन मार्केट" या तीन शब्दांत जिंकलं होतं. घर झिलोवर आलं की त्याच्या नावाखाली दिवस मोजले जातात. भाव उतरवला तर तोही तारखेसकट नोंदला जातो आणि कायमचा तिथे राहतो. २०११ मध्ये आम्ही हेच घर घेतलं तेव्हा ही नोंद मी रोज रात्री पोथीसारखी वाचत असे. मंदीचे दिवस होते. मालकाने भाव एकदा उतरवला, पुन्हा उतरवला, आणि प्रत्येक वेळी मी हिला उठवून सांगितलं, "घायकुतीला आलाय!" तो माणूस तेव्हा कसल्या अडचणीत होता कोण जाणे, पण त्याच्या त्या नोंदीच्या जोरावर आम्ही भाव आणखी पाडून मागितला होता. आता तीच नोंद माझ्या घराखाली आणि दुसऱ्या कुणी रात्री बायकोला उठवून वाचून दाखवायची? छे. काही गोष्टी खाजगीच बऱ्या.

ठरलं. कुणाला सांगायचं नाही.

पहिली अडचण आमच्या महाराष्ट्र मंडळाची. "मंडळाच्या ग्रुपवर टाकलं तर ती जाहिरात होते का?" मी एजंटबाईंना विचारलं. ग्रुपवर माणसं किती, असं त्यांनी विचारलं. मी आकडा सांगितला. त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "नका टाकू." हिचं म्हणणं, ग्रुपवर टाकायचंच नाही, फक्त एकीला सांगायचं. ती "एक" कोण हे ऐकून मी हादरलो. त्यापेक्षा टर्नपाइक या इथल्या हमरस्त्यावर फलक लावलेला परवडला असता. अखेर हिने कुणालाही सांगितलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आलेली आई रोज संध्याकाळी पार्कात फिरायला जाते आणि तिथे देशातून आलेल्या आई-वडिलांचं बाक आहे. त्या बाकावर गुजराती, तेलुगू, तमिळ, मराठी असे सगळे बसतात आणि कुणालाही कुणाची भाषा येत नसताना सगळ्यांना सगळं कळतं. एमएलएसवाल्यांनी एकदा येऊन बघावं.

"अरे, मी विकायचंय असं नाही म्हणाले," आई म्हणाली. "मुलांना आता एवढं मोठं घर लागत नाही, एवढंच म्हणाले."

रात्री तीन फोन आले. "हं," तिघेही म्हणाले.

मग कानात सांगितलेले लोक येऊ लागले. अगदी मोजके, वेळ ठरवून, सभ्य. एक तरुण जोडपं तळघर बघायला उतरलं, तशी आई मागोमाग उतरली आणि आपल्या इंग्रजीत म्हणाली, "वॉटर केम. सो मच!" हाताने गुडघ्यापर्यंत उंची दाखवली. ते आयडा वादळ, २०२१ चा सप्टेंबर. त्या रात्री अर्ध्या न्यू जर्सीच्या तळघरात पाणी होतं आणि मी पायजमा वर करून पाणी उपसणाऱ्या सम्प पंपाशी झटत होतो. इथे २०२४ पासून विकणाऱ्याने पुराची माहिती लेखी द्यावी असा कायदाच आहे, आम्ही फॉर्मवर ती भरलेलीही होती. पण फॉर्म गुडघा दाखवत नाही. एजंटबाईंनी मला बाजूला घेऊन अतिशय नम्रपणे विचारलं, "तुमच्या आईंना वाचनालय आवडतं का?"

शेवटी त्या खाजगी मार्गाने एक ऑफर आली. आकडा बरा होता. म्हणजे बरा होता की नव्हता, हेच कळेना. दोन ऑफर असत्या तर कमी-जास्त म्हणता आलं असतं. एकुलती एक ऑफर कशाशी ताडून बघायची? घेणाऱ्याचा एजंट बाईंच्याच ऑफिसातला निघाला. त्याला कायद्याने हरकत नाही, दोन्ही पक्षांनी लेखी होकार दिला की झालं. तो होकाराचा कागद हिने चष्मा लावून वाचला आणि म्हणाली, "म्हणजे आपल्या बाजूने यांचं ऑफिस, त्यांच्या बाजूने पण यांचंच ऑफिस. मग समोर कोण आहे?"

मी माझं डेज ऑन मार्केटचं तत्त्वज्ञान सांगू लागलो. तिने ते निम्म्यात तोडलं. "आपण २०११ मध्ये आलो तेव्हा इथे कुणाला ओळखत होतो?"

कुणालाच नाही. एच-वन व्हिसा, भाड्याचं अपार्टमेंट, आणि ओळखीत दोन सहकारी, तेही भाड्याने राहणारे. हे घर कुणाच्या कानात सांगून विकलं गेलं असतं तर आमचा कान त्या यादीत नसताच. एवढं बोलून ती पोळ्या करायला गेली. इथे मी थोडा वेळ झिलोच्या बाजूने झालो, पण त्यांना ते कळवलं नाही.

गुरुवारी घर एमएलएसवर चढलं. गुरुवारच का, तर शनिवार-रविवारच्या गर्दीसाठी. त्याआधी "स्टेजिंग" नावाच्या बाईंनी घरात येऊन आम्ही इथे राहतो याचे सगळे पुरावे नष्ट केले. कुटुंबाचे फोटो गेले, कुकर गेला, मिसळणाचा डबा गाडीच्या डिकीत गेला. देवघराकडे बघून त्या म्हणाल्या, "हे कपाट फार सुंदर आहे, आतलं रिकामं करता येईल का?" आईने त्यांच्याकडे असं पाहिलं, की देव जागचे हलले नाहीत. फोडणीवर मात्र सरसकट बंदी आली. मोहरी नाही, हिंग नाही, कांदा तर नाहीच. चार दिवस आम्ही दहीभात आणि सँडविच खाल्लं. लिंबाच्या वासाची मेणबत्ती जळत होती आणि आई म्हणत होती, "कुणी गेलंय का?"

रविवारी ओपन हाऊसला अख्खं मंडळ आलं. घ्यायला नव्हे, बघायला. आम्हाला घराबाहेर काढलेलं होतं, तरी कॅमेऱ्यावर दिसत होतं. एक गृहस्थ टेप घेऊन दिवाणखाना मोजत होते, त्यांचं स्वतःचं घर आमच्यामागच्याच गल्लीत आहे. एका वहिनींनी फ्रिज उघडून बघितला आणि बंद केला. झेस्टिमेटची, म्हणजे झिलो स्वतःच काढतं त्या घराच्या अंदाजे किमतीची, आणखी वेगळी तऱ्हा. त्याने वर्षभर आमचं घर शेजाऱ्यांपेक्षा स्वस्त ठरवून माझी झोप उडवली होती, आणि आम्ही आकडा जाहीर करताच तो टुणकन त्याच आकड्याशेजारी येऊन बसला. स्वतःचं असं काही मत नसलेला एवढा आत्मविश्वास मी फक्त ऑफिसातल्या मीटिंगांत पाहिला आहे.

ऑफर तीन आल्या. त्यातली एक पार्कातल्या बाकावरून आली, आईच्या एका तेलुगू मैत्रिणीच्या मुलाची. तळघराची हकिकत त्यांना आधीपासून ठाऊक होती, त्यामुळे इन्स्पेक्शननंतर त्यांनी घासाघीस केली नाही. तीच सगळ्यात वरची निघाली. तीन दिवस वकिलांनी कागदावर कागद फिरवले, ही इथली रीत. घर गेलं.

कागदांवर सह्या झाल्यावर एजंटबाईंनी मिठाईचा डबा स्वीकारला आणि आवाज खाली आणला. "तुम्ही आता लहान टाउनहाऊस बघताय ना? एक आहे. कुठेच टाकलेलं नाही. अजून कुणालाही माहीत नाही."

मी हिच्याकडे बघितलं. बाजार खुला हवा, सगळ्यांना सगळं दिसायला हवं, कानगोष्टींनी घरं विकली जाऊ नयेत, याबद्दल आमच्या घरात आता एकमत होतं.

"किती वाजता दाखवता?" हिने विचारलं, आणि आईला म्हणाली, "आई, आज पार्कात नको हं."