अलार्म वाजताच सगळी वीज तोडण्याच्या सल्ल्याविषयी

बडोद्यातील सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फायर अलार्मविषयी एक संदेश फिरतो आहे. मांजलपूरला राहणाऱ्या माझ्या आत्याने तो मला पाठवला आणि कमिटीने त्याप्रमाणे पॅनेलचे (डिटेक्टरचे संकेत घेऊन हूटर, लिफ्ट वगैरेंना आदेश देणाऱ्या नियंत्रण पेटीचे) प्रोग्रामिंग बदलायला कंत्राटदाराला सांगितल्याचेही कळवले, म्हणून हे उत्तर तातडीने लिहावे लागत आहे. संदेशाचे म्हणणे असे की धूर किंवा उष्णता ओळखणारा एक डिटेक्टर चालू होताच पॅनेलने संपूर्ण इमारतीची वीज तोडावी; सर्व टॉवरचे हूटर त्याच क्षणी वाजावेत, विलंब ठेवणे ही फसवणूक आहे; जिन्यातले पंखे आगीला हवा देतात म्हणून ते बंद ठेवावेत; आणि पॅनेल एकमेकांना जोडलेली असली तर एक केबल तुटताच सगळी निकामी होतात.

यातला पहिला मुद्दा जीवघेणा आहे. वीज सरसकट तोडली तर लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकू शकते आणि लिफ्टची विहीर हाच धूर वर चढण्याचा सोपा मार्ग असतो. म्हणून पॅनेलचा रिले (पॅनेलच्या आदेशाने चालणारा स्विच) लिफ्टची वीज तोडत नाही, तर तिच्या कंट्रोलरला तळमजल्यावर येऊन दार उघडे ठेवण्याचा संकेत देतो. तळमजल्याच्या लिफ्ट लॉबीतलाच डिटेक्टर चालू झाला असेल, तर लिफ्ट दुसऱ्या ठरलेल्या मजल्यावर थांबली पाहिजे. म्हणजे कोणता डिटेक्टर चालू झाला हे कारण तिथे वेगळे, म्हणून पॅनेलच्या प्रोग्रामिंगमध्ये परिणामही वेगळा लिहावा लागतो. अग्निशमन पंप, जिन्यातले पंखे आणि फायर लिफ्ट (अग्निशमन जवानांसाठीची लिफ्ट) यांचा वीजपुरवठा स्वतंत्र ठेवण्याची अपेक्षा राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या चौथ्या भागात आहे, ती याच वेळेसाठी. धूर पसरवणारे एसीचे एएचयू (हवा फिरवणारी यंत्रे) मात्र बंद व्हायलाच हवेत आणि दारे उघडावीत म्हणून त्यांच्या चुंबकी कुलपांची वीज जायलाच हवी, एवढे मान्य करतो. पण एवढ्यावरून कोणी 'सगळी वीज' असा अर्थ काढू नये.

जिन्यातल्या पंख्यांविषयीचा मुद्दा सरळ उलटा आहे. हे पंखे जिन्यात सुमारे ५० पास्कल जादा दाब राखतात, त्यामुळे दार उघडले तरी धूर आत शिरण्याऐवजी बाहेर ढकलला जातो. अलार्म होताच ते आपोआप सुरू झाले पाहिजेत.

विलंबाबाबत संदेशात अर्धे सत्य आहे. विलंब ठेवून तो विसरून जाणारे लोक मी पाहिले आहेत. पण विलंब मुळातच गैर नाही: अमेरिकेच्या एनएफपीए ७२ या फायर अलार्मच्या मानकामध्ये पहारेकऱ्याने १५ सेकंदांत पॅनेलवर पोच दिली तरच तपासासाठी १८० सेकंदांपर्यंत मुभा मिळते आणि दुसरा डिटेक्टर चालू झाला की ती तिथेच संपते. माणसाने काच फोडून दाबलेल्या कॉल पॉइंटला मात्र विलंब लावू नये, असे माझे ठाम मत आहे.

आता जोडलेल्या पॅनेलचा मुद्दा. त्यांना जोडणारी केबल रिंगमध्ये, म्हणजे फिरून पहिल्या पॅनेलपर्यंत परत, नेली असेल तर एका तुटीने संपर्क तुटत नाही. ती एकेरी ओढली असेल, तर ज्यांचा डिटेक्टर एका पॅनेलवर आणि रिले दुसऱ्या पॅनेलवर आहे, ते परिणाम खरोखरच थांबतात. म्हणून लिफ्ट, कुलपे आणि पंखे यांचे प्रोग्रामिंग त्या-त्या टॉवरच्या पॅनेलमध्येच असावे. कमिटीने कंत्राटदाराकडून कॉज अँड इफेक्टचा तक्ता (कोणत्या कारणाला कोणता परिणाम, याची यादी) लेखी घ्यावा आणि टॉवरांची पॅनेल जोडणारी केबल मुद्दाम काढून ठेवून त्यातली प्रत्येक ओळ आपल्यासमोर चालवून दाखवायला सांगावी.