'आमचो धयकालो काय कमी आसा?' : वेंगुर्ल्याच्या वाचकाला उत्तर

नमस्कार गाववाले,

'दोन दिवसांची मुंबई: रस्ता आणि रंगमंच' या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया चार ओळींत उरकण्यासारखी नव्हती, म्हणून वेगळं लिहितोय. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी गोषवारा असा: सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडच्या माणसाने पैसे मोडून मुंबईत तीन तासांचं नाटक बघायला जाणं म्हणजे खुळेपणा, कारण "आमच्या धयकाल्यात रातभर नाटक फुकट गावता" (धयकालो म्हणजे आपल्या जत्रेतलं रात्रभर चालणारं दशावतारी नाटक, गावता म्हणजे मिळतं). दशावताराला संहिता नसते असं लिहून मी त्याला कमी लेखलं. दादरच्या रस्त्यांवरचा मजकूर म्हणजे नुसतं गर्दीचं कौतुक. आणि दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहाची वाटही चुकीची सांगितली.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे तुमचंच बरोबर आहे. 'दादर पूर्वेला उतरून रिक्षा करा' असं लेखात होतं. दादरला रिक्षा नाहीतच. माहीम आणि सायनच्या दक्षिणेला रिक्षाला परवानगी नाही, तिथे काळीपिवळी टॅक्सी. शिवाजी मंदिर आहे पश्चिमेला, न. चिं. केळकर मार्गावर, प्लाझा सिनेमाच्या समोर. कोकणातली गाडी लागते मध्य रेल्वेच्या बाजूला. डिसेंबर २०२३ पासून दादरच्या फलाटांना सलग क्रमांक आहेत: १ ते ७ पश्चिम रेल्वेचे, ८ ते १४ मध्य रेल्वेचे. गाडीतून उतरलं की पूल चढायचा, फलाटांचे आकडे कमी होताहेत ना एवढं बघत चालायचं आणि १ नंबरच्या पलीकडे रस्त्यावर उतरायचं. तिथून नाट्यगृह पायी दहा मिनिटं. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता संहितेचं. ते विधान मागे घेत नाही. एका ओळीत उरकलं म्हणून ते टोचलं, हा दोष माझा.

रंगपटात, म्हणजे नट तयार होतात त्या जागेत, प्रत्येक जण आपापल्या ट्रंकेसमोर बसून स्वतःचा चेहरा स्वतः रंगवत असतो, आणि त्याच वेळात नाईक (संचाचा प्रमुख) किंवा संचातला जाणता नट आख्यान सांगतो. आज अमुक कथा, पहिला प्रवेश राजाचा, मग नारद, मग राक्षसाची एंट्री, कोणाची गाठ कोणाशी पडणार आणि शेवटी कोण कोणाला मारणार. बस्स. वाक्यं ज्याची त्याने आणायची. हे जमतं कारण बारा-पंधरा जणांच्या संचात कामं वाटलेली असतात. राजपार्टी, स्त्रीपार्टी, खलपार्टी, विनोदी नट, ज्याची त्याची वर्षानुवर्षांची घडी बसलेली. पुराणकथा तोंडपाठ, पदांच्या चाली ठाऊक, आणि समोरचा कुठे थांबणार याचा कान तयार. नट शेवटचा शब्द लांबवतो, त्याच क्षणी पेटीवाला सूर धरतो, मृदंगावर थाप पडते आणि पद सुरू होतं. ही खूण कुठेही लिहिलेली नसते. वालावलकर, पार्सेकर, मोचेमाडकर, आजगावकर, खानोलकर या कंपन्यांची नाटकं बघणाऱ्याला हे नव्याने सांगायला नको, पण लेख पुण्या-नागपुरातले लोकही वाचतात.

घोळ होतो तोही याच मोकळेपणामुळे. दोन नट एकमेकांवर रंगले की वाद वाढत जातो. आत खलपार्टी मिशी चिकटवून पाऊण तास बसलेला. युद्धाला हात घालेपर्यंत पूर्वेला फटफटतं, मग जो राक्षस रात्रभर गर्जत होता तो दोन फेऱ्यांत आडवा. हे टाळायला हल्ली भलताच उपाय निघालाय: आडदशावतार कापायचा. गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव आणि काळ्या पोशाखातला, सूत्रधाराशी मालवणीतून हुज्जत घालणारा संकासुर, हा पूर्वरंग नीट केला तर तासभर सहज घेतो. आता कित्येक ठिकाणी गणपती नाचला की थेट आख्यान. दशावतारात दशावतारापुरतं जे खास आहे तेच आधी जातं, हे मला ट्रिकसीनच्या, म्हणजे हल्लीच्या चमत्कारांच्या प्रवेशांतल्या, धुरापेक्षा जास्त खटकतं.

बाकड्याबद्दल लेखात लिहायचं राहिलं होतं, ते इथे. रंगमंचावर एक लाकडी बाकडं, बाकी काही नाही. राजा बसला की ते सिंहासन. नट त्यावर उभा राहिला की रथ किंवा डोंगर. बाकड्याला वळसा घालून पुन्हा पुढे आला की पाताळातून कैलासावर पोचला. हे सगळं बघणारा मानतो, म्हणून घडतं. मुंबईच्या नाटकात दिवाणखाना दिवाणखान्यासारखा उभा करावा लागतो. ते आपल्या प्रेक्षकाला लागत नाही. कौतुक म्हणाल तर हेच मला करायचं होतं.

'फुकट' या शब्दावर मात्र आपलं जमणार नाही. जत्रेतलं नाटक तुम्हाला फुकट दिसतं, कारण पैसे दुसऱ्याने भरलेले असतात. कधी देवस्थानाने, कधी वाडीच्या वर्गणीने, कधी नवस बोललेल्या घराने. कंपनीची रक्कम आधी ठरलेली असते. टेम्पो, रंग, कपडे, मृदंगाची शाई हे सगळं त्यातूनच निघतं. मुंबईत तोच खर्च खुर्चीगणिक वाटून तिकिटावर छापतात, एवढाच फरक.

मग मुंबईचं नाटक तीन तासांच्या आतच का? याचं उत्तर मला कलेत कमी आणि प्रेक्षकाच्या परतीच्या वाटेत जास्त दिसतं. आपल्याकडे पालखी फिरून आली की रात्री बारा-एकला नाटक लागतं. त्या वेळेला घरी कसं जाणार? रान काळोखाचं, पहिली एसटी पहाटेची. तोवर माणसाला खळ्यात (अंगणात) धरून ठेवायचं तर नाटक रात्रभरच हवं, आणि शेवट दहीकाल्यानेच. मोटारसायकली आल्यापासून बघा, रात्री दोननंतर मागच्या चटया गुंडाळायला लागतात. नाटक तेच, जायची सोय बदलली.

मुंबईत परतीची सोय म्हणजे लोकल. रात्री साडेआठचा प्रयोग अकराच्या आत संपला नाही तर विरार-बदलापूरचा माणूस शेवटच्या अंकात घड्याळ बघू लागतो, कारण एकच्या सुमाराला लोकल थांबतात त्या पहाटे चारपर्यंत. शिवाय नाट्यगृह सत्रावर भाड्याने मिळतं: सकाळ, दुपार, रात्र. दुपारी चारचा प्रयोग सातच्या आत उतरला पाहिजे, कारण पुढच्या नाटकाचा टेम्पो खाली उभा असतो. त्यांचे फ्लॅट (नेपथ्याच्या भिंती) वर चढवायचे, खिळे-दोऱ्या मारून दिवाणखाना उभा करायचा, प्रकाशयोजनेचे दिवे फिरवून लावायचे, हे सगळं दीड-दोन तासांत. पहिला प्रयोग वीस मिनिटं लांबला तर दुसऱ्याची तिसरी घंटा उशिरा होते आणि शिव्या व्यवस्थापकाला. इतक्या आखलेल्या वेळात नट मनाला येईल तसं बोलू लागला तर प्रकाशवाल्याला दिवा कुठे घालवायचा तेच कळणार नाही. म्हणून तिथे संहिता.

आणि दोन्हींचं रक्त एकच आहे, हेही सांगून टाकतो. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं तेव्हाही आधी सूत्रधार, विदूषक, गणपती, सरस्वती आणि मग आख्यान, अशीच मांडणी होती.

खर्चाबद्दल तुम्ही विचारलंत ते रास्त आहे. हिशोब कमी करायचा तर मुक्काम टाळा, आणि त्यासाठी तुतारी एक्सप्रेस आहे. सावंतवाडीहून संध्याकाळी सहाच्या आगेमागे सुटते, सकाळी पावणेसातच्या सुमाराला दादर. परतीची दादरहून रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी. दिवसभर दादरमध्ये, रात्रीचा प्रयोग शिवाजी मंदिरला, आणि प्रयोग संपला की चालत स्टेशन. पावसाळी वेळापत्रकात वेळा बदलतात, तेवढं बघून घ्या. यात लोक फसतात ते तारखेत. रविवारी रात्रीचं नाटक बघून निघायचं तर गाडी बारा वाजून गेल्यावर सुटते, म्हणजे तिकीट सोमवारच्या तारखेचं हवं. रविवारच्या तारखेचं काढलंत तर तुमची गाडी शनिवारच्या रात्रीच निघून गेलेली असते. टीसी ऐकत नाही, आणि ऐकायचं कारणही नाही. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. गणपती आणि मे महिना सोडून बेत करा.

याच हिशोबात पृथ्वी थिएटर बसत नाही. लेखात दोन्ही शेजारी लिहिली होती, त्यामुळे एकाच दिवसाचं वाटलं असेल. पृथ्वी जुहूला, १९७८ चं, दोनेकशे खुर्च्यांचं. रंगमंच प्रेक्षकांत पुढे आलेला, तीन बाजूंनी माणसं. जागा लवकर येणाऱ्याची, आणि उशीर झाला तर दार उघडत नाहीत. रात्री नऊचा प्रयोग अकराला सुटला, पार्ल्यापर्यंत रिक्षा, मग लोकल, मग दादरचा पूल, असं धरलं तर तुतारी डोळ्यांसमोरून जाईल. पृथ्वी बघायचं तर दुपार-संध्याकाळचा प्रयोग धरा किंवा मुक्काम करा.

तिकीट ॲपवर मिळतं, खिडकीवरही मिळतं. खिडकीचा फायदा असा की आसनांचा तक्ता समोर असतो आणि खांब, दार, एसीचा झोत कुठे आहे ते विचारता येतं. चौथी ते दहावी ओळ, मधल्या खुर्च्या. पहिल्या दोन ओळींतून नटांचे पाय छान दिसतात. बाल्कनी स्वस्त, पण मागच्या बाजूच्या प्रवेशात डोकी कापली जातात. आणि मोठं सामान घेऊन नाट्यगृहाच्या दारात जाऊ नका. स्टेशनच्या क्लोकरूमला ठेवायचं तर बॅगेला कुलूप हवं. नुसत्या दोरीने बांधलेली आंब्याची पेटी तिथे चालत नाही.

राहिला रस्ता. गर्दीत काही विशेष नाही, मान्य. विशेष असतं ते वेळेत. दादरचा फूलबाजार पहाटे चार-पाचला घाऊक असतो. तुतारीने उतरून जाल तोवर ओसरत आलेला, पण पानं विकणाऱ्या बायका बसलेल्या असतात. बेल, दुर्वा, केळीची पानं, आंब्याचे टाळे (पानांच्या डहाळ्या). आपल्या परड्यात वाकून तोडायचा टाळ तिथे जुडीला भाव करून घेतात. खाली चुरगळलेल्या पाकळ्या आणि पाणी, गुळगुळीत चप्पल हमखास घसरते. वाटेच्या मधोमध थांबू नका, डोक्यावर गाठोडं असलेल्या हमालाला खालचा माणूस दिसत नाही. खांबाला पाठ लावून उभे राहा, सगळा बाजार समोरून जातो.

डबेवाले बघायचे तर चर्चगेटबाहेर साडेअकराच्या सुमाराला, कामाच्या वारी. रविवारी डबे नसतात, आणि आपली माणसं नेमकी रविवारी जातात. १८९० पासूनची ही व्यवस्था. डब्याच्या झाकणावर रंगाने काढलेली अक्षरं-आकडे: कुठल्या स्टेशनला उतरवायचा, कुठली इमारत, कितवा मजला. पत्ता लिहिलेला नसतो, आणि तरी फुटपाथवर पाच-सात मिनिटांत वाटप होऊन हातगाड्या हलतात. तेवढ्या वेळात प्रश्न विचारू नका, उत्तर मिळणार नाही.

संध्याकाळी नाटकाला वेळ असेल तर शिवाजी पार्कचा कट्टा. फुकट आहे, तुमच्या शब्दात. रस्त्यावरचं बघणं आपल्याला नवीन आहे असं लेखात सुचत असेल तर तेही खोडतो: गुहागरकडे शिमग्यात संकासूर आणि गोमू ही सोंगं दारोदार फिरतात, आणि अंगणात उभं राहून आपण तेच करत असतो.

एक गोष्ट तुमच्या बाजूने. गिरणगावात आपल्याच माणसांनी नाटक जगवलं. परळचं दामोदर नाट्यगृह १९२२ चं. कोकणातल्या मंडळांची नमनं, शक्ती-तुरे हे लोककलांचे प्रयोग तिथे रात्र जागवत. २०२३ मध्ये ते पुनर्बांधणीसाठी बंद झालं. मुंबईचं नाटक आणि आपलं नाटक अशी भिंत तिथे कधी नव्हती, आणि लेखात मी ती नकळत उभी केली, हा तुमचा राग मला समजतो.

कार्तिकात सोनुर्लीच्या माऊलीची लोटांगणाची जत्रा झाली की तुमच्या भागात रोज कुठे ना कुठे नाटक लागेल. आडदशावतार पुरा करणारी कंपनी कुठल्या जत्रेला येणार हे तुम्हाला आमच्या आधी कळतं. गाव, तिथी आणि नाटक लागायची खरी वेळ (हँडबिलावरची नको) इथे टाकलीत तर पुढच्या लेखात तुमच्याच शब्दांत छापतो.